व्यवस्थापकांना प्रोग्रॅमिंग शिकवतेय. पहिला वर्ग फसला, पुढे कुठून सुरू करू?

अर्धविराम (धागाकर्ती)

नमस्कार. मी अकरा वर्षं सॉफ्टवेअर लिहिते आहे. शिकवण्याचा अनुभव मात्र फारसा नाही. टीममध्ये नव्याने आलेल्यांना दोन-तीन महिने हाताशी धरून तयार करायचं, एवढाच. गेल्या महिन्यात आमच्याकडे ठरलं की वरिष्ठ व्यवस्थापकांना प्रोग्रॅमिंगची तोंडओळख करून द्यायची, आणि ते काम माझ्याकडे आलं. चौदा जण आहेत: विक्री, खरेदी, वित्त, मनुष्यबळ, गोदामं पाहणारे दोघं, आणि कायदा विभागाच्या प्रमुख. सहा सत्रं, दर गुरुवारी दोन तास.

पहिलं सत्र झालं आणि साफ फसलं. पाऊण तास पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा बसवण्यातच गेला. कंपनीच्या लॅपटॉपवर नवीन काही बसवायचे अधिकार या मंडळींनाही नसतात, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मग मला जसं शिकवलं गेलं त्याच क्रमाने मी सुरुवात केली: व्हेरिएबल (माहितीला दिलेलं नाव) म्हणजे काय, इंटिजर (पूर्णांक) आणि स्ट्रिंग (मजकूर) वेगळे का, मग फॉर लूप (तेच काम पुन्हापुन्हा करायची रचना). आकडे छापायचा लूप फळ्यावर लिहिला. रेंज या आकड्यांची मालिका देणाऱ्या आदेशाला १ आणि १० दिले की छापलं जातं १ ते ९, कारण शेवटचा आकडा धरत नाहीत. खरेदीच्या प्रमुखांनी विचारलं, ‘का धरत नाहीत?’ मी उत्तर द्यायला लागले ते मेमरीतल्या पत्त्यांपासून, आणि दुसऱ्याच मिनिटाला चेहऱ्यांवरून कळलं की सोबत कोणी राहिलेलं नाही. मग विक्रीच्या प्रमुखांनी विचारलं, ‘पण मला हे आकडे छापायचे कशासाठी आहेत?’ त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटच्या अर्ध्या तासात चौदापैकी नऊ जण मेल बघत होते.

सगळे गेल्यावर कायदा विभागाच्या प्रमुख थांबल्या. म्हणाल्या, ‘मागे मी तुमच्या टीमला करारांच्या यादीत फक्त एक रकाना वाढवून मागितला होता. त्याला तीन आठवडे लागले. ते का लागले, हे या वर्गात कळेल का?’ मी ‘हो’ म्हणाले खरं, पण माझ्या आराखड्यात ते कुठेच नाही. तीन दिवस तोच प्रश्न डोक्यात घोळतोय.

भाषा कोणती निवडू, हा माझा मुख्य प्रश्न नाही. यांच्यापैकी कोणीही नोकरीसाठी कोड लिहिणार नाही, हे मला माहीत आहे आणि त्यांनाही. मग शिकवायचं काय? किती कोड त्यांच्या हातून लिहून घ्यायचा? आणि मनुष्यबळ विभागाला शेवटी परीक्षा आणि प्रमाणपत्र हवंय, त्याचं काय करू? ज्यांनी असे वर्ग घेतलेत किंवा असे वर्ग केलेत, त्यांनी कृपया लिहा. माणसं हुशार आहेत, वेळ काढून येतात. त्यांचे बारा तास वाया जाऊ नयेत, असं मनापासून वाटतं.

ताळेबंद

मी तुमच्या वर्गात बसलेल्यांच्या बाजूने लिहितो. वित्त विभागात सव्वीस वर्षं काढली आणि एक्कावन्नाव्या वर्षी प्रोग्रॅमिंग शिकलो. त्याआधी दोन वर्ग अर्ध्यात सोडले होते.

सोडण्याचं कारण अवघडपणा नव्हतं. दोन्हीकडे माझी पाटी कोरी आहे असं धरून शिकवलं गेलं. मी तोवर वीस वर्षं एक्सेलमध्ये एकात एक गुंतवलेले इफ लिहीत होतो, आणि मला कोणी ‘अट म्हणजे काय’ हे छत्रीच्या चित्रावरून समजावत होतं. तिसऱ्या वर्गातल्या शिक्षिका पहिल्याच दिवशी म्हणाल्या, तुम्ही ज्याला सूत्र म्हणता तो प्रोग्रॅमच आहे. फक्त तो कोशामागे (तक्त्यातल्या चौकटीमागे) दडलेला असतो, म्हणून कोणी तो वाचत नाही. त्या वाक्यानंतर मी शेवटपर्यंत थांबलो.

त्यांनी आम्हाला आमच्याच जुन्या फाइल आणायला लावल्या. माझ्या कमिशनच्या तक्त्यात व्हीलुकअप होतं, म्हणजे यादीत जुळणारी ओळ शोधून तिच्यातला आकडा आणणारं सूत्र. नेमकंच जुळायला हवं की अंदाजे चालेल हे सांगणारा त्याचा चौथा भाग मी लिहिलाच नव्हता. तो नसला की एक्सेल अंदाजे जुळणारी ओळ शोधतं, आणि त्यासाठी यादी चढत्या क्रमाने लावलेली असावी लागते. माझी तशी नव्हती. पाच महिने काही वितरकांना दुसऱ्याच दराने कमिशन जात होतं. एरर नाही, लाल खूण नाही, प्रत्येक ओळीत व्यवस्थित आकडा. मी ती फाइल वर्गात सगळ्यांसमोर उघडली, तेव्हा घशाला कोरड पडली होती. पण ‘प्रोग्रॅम चुकीचा असूनही चालतो’ हे मला तिथे कळलं, आणि ते अजून विसरलेलो नाही.

तुमच्या मंडळींना एक गोष्ट जरूर सांगा. वैयक्तिक संगणकावरची पहिली स्प्रेडशीट, व्हिजिकॅल्क, १९७९ मध्ये ॲपल टूवर आली, डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांची. ब्रिकलिनना ती सुचली हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये एमबीए करताना. प्राध्यापक फळ्यावर आर्थिक गणित मांडायचे, एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सगळे पुसून पुन्हा लिहायचे. व्यवस्थापन शिकणाऱ्याच्या अडचणीतून ती वस्तू जन्मली. ‘हे आपलं क्षेत्र नाही’ असं मनात धरून बसलेल्या माणसाला हे ऐकून बरं वाटतं. मला वाटलं होतं.

सावकाश

नऊ वर्षं मी हेच काम करतो आहे. माझ्या वर्गात बहुतेक चाळिशी-पन्नाशीतले व्यवस्थापक असतात. पहिली दोन वर्षं मीही व्हेरिएबलपासूनच सुरू करायचो आणि मलाही ते मेल बघणारे नऊ जण दिसायचे, त्यामुळे तुमचा गुरुवार मला अगदी समोर दिसला.

कायदा विभागाच्या बाईंचा प्रश्न हाच तुमचा अभ्यासक्रम आहे. सहाव्या सत्रात त्याचं उत्तर त्यांनी स्वतः फळ्यावर मांडायचं. आधीची सगळी सत्रं त्यांना तिथवर नेण्यासाठी.

माझं एवढ्या वर्षांचं मत असं झालंय की व्यवस्थापकाला निर्णय घेता येतो, पण तो निर्णय आपण कसा घेतो हे पूर्ण सांगता येत नाही. त्यात त्याचा दोष नाही. त्याच्या हाताखाली नेहमी माणसं असतात आणि माणसं अर्धवट सूचना स्वतःच्या समजुतीने पूर्ण करतात. यंत्र ते करत नाही. प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या पायरीवर शिकायचं ते एवढंच, की आपल्या सांगण्यात कुठे कुठे भोक आहे. व्हेरिएबल, लूप हे त्यानंतर आपोआप गरजेचे होतात.

म्हणून दुसऱ्या सत्रात लॅपटॉप उघडूच नका. प्रत्येकाला एक कागद द्या आणि एक नियम लिहायला सांगा: खर्चाचं बिल कोणी मंजूर करायचं? अट एकच. वाचणारा नवीन माणूस तुम्हाला एकही प्रश्न विचारणार नाही, त्याला फक्त कागदावरून काम करता आलं पाहिजे. वीस मिनिटं. मग कागदांची अदलाबदल करा आणि दहा-बारा बिलं वाटा. ही बिलं तुम्ही आदल्या दिवशी विचारपूर्वक तयार करायची. एकाची रक्कम बरोबर मर्यादेवर, ना कमी ना जास्त. एकावर रक्कमच नाही. एक परताव्याचं, म्हणजे उणे रकमेचं. एक बिल दोनदा आलेलं, दुसऱ्या प्रतीवर तारीख वेगळी. एकाची तारीख पुढच्या महिन्यातली. एक त्याच माणसाचं, ज्याने मंजुरी द्यायची आहे. ज्याच्या हातात दुसऱ्याचा कागद आहे त्याने स्वतःची अक्कल वापरायची नाही. कागदावर जे आहे तेवढंच करायचं, नसेल तर थांबायचं.

मी घेतलेल्या वर्गांत आजवर एकही कागद सगळ्या बिलांतून पार झालेला नाही. माझा स्वतःचाही पहिल्यांदा झाला नव्हता.

इथे मराठी फार उपयोगी पडते. ‘दहा हजारांपर्यंत’ म्हणताना दहा हजार आत की बाहेर? ‘सोमवारपर्यंत द्या’ म्हणजे सोमवार धरून की सोडून? एका टेबलावर चार माणसांची दोन मतं निघतात आणि सगळे वर्षानुवर्षं एकाच कंपनीत काम करत असतात. ‘परवा’ हा शब्द मागचाही असतो आणि पुढचाही, क्रियापदावरून आपण ओळखतो. तारखेच्या रकान्याला क्रियापद नसतं. आणि सगळ्यात महत्त्वाचा शब्द ‘आणि’. आपण म्हणतो, ‘विक्री आणि खरेदी विभागातली माणसं दाखवा.’ हे जसंच्या तसं अट म्हणून लिहिलं की एकही ओळ येत नाही, कारण एकच माणूस एकाच वेळी दोन्ही विभागांत नसतो. तिथे ‘किंवा’ लागतं. बोलण्यातला ‘आणि’ दोन याद्या जोडतो, प्रोग्रॅममधला ‘आणि’ एकाच ओळीवर दोन अटी लादतो. हे एकदा समजलं की त्यांचे अहवाल मागण्याचे मेलसुद्धा बदलतात.

तुमच्या खरेदीप्रमुखांचं उत्तरही याच ‘पर्यंत’मध्ये आहे. त्यांना सवलतीचे टप्पे आखायला सांगा: ० ते १००, १०० ते ५००, ५०० ते १०००. बरोबर १०० नग घेणारा कुठल्या टप्प्यात? दोन्हीकडे धरला तर दोन दर लागतात, कुठेच धरला नाही तर त्याला दरच नाही. प्रत्येक टप्प्यात सुरुवातीचा आकडा धरायचा आणि शेवटचा सोडायचा, असा एकच नियम सगळीकडे ठेवला की टप्पे एकमेकांना चिकटून बसतात, ना फट राहते ना एकावर एक चढतात. रेंज शेवटचा आकडा सोडते त्याने हीच सोय होते. खरेदीत आयुष्य घालवलेल्या माणसाला हे एका मिनिटात पटतं. मेमरीच्या पत्त्यांची गरजच नाही.

तिसऱ्या सत्रात कोड, पण आधी वाचायचा. त्यांनीच लिहिलेला मंजुरीचा नियम तुम्ही पायथनच्या आठ-दहा ओळींत उतरवून आणा आणि एकेकाला एकेक ओळ मोठ्याने मराठीत वाचायला सांगा. मग मर्यादा बदलून चालवा. मग ती बिलं त्यातून सोडा. रिकाम्या रकमेवर प्रोग्रॅम कोसळतो, तेव्हा थांबा आणि विचारा, काय व्हायला हवं होतं? हा प्रश्न तंत्रज्ञानाचा नाही, त्यांच्या कामाचा आहे, आणि उत्तर त्यांच्याचकडे असतं. ब्राउझरमध्ये चालणारं नोटबुक, म्हणजे कोड लिहून तिथेच चालवायचं पान, वापरा, गूगल कोलॅबसारखं, बसवाबसवी नको. मात्र कंपनीची खरी माहिती तिथे चढवू नका. तशीच दिसणारी पन्नास-साठ ओळींची फाइल स्वतः बनवा.

बसायच्या जागांबद्दल एक सांगतो, कारण हे मला फार उशिरा समजलं. साहेब आणि त्यांच्याच हाताखालचा माणूस शेजारी बसवू नका. पन्नाशीतल्या माणसाला चुकायची भीती नसते, स्वतःच्या माणसासमोर चुकायची असते. मी जागा बदलल्या त्या वर्षी वर्गातले प्रश्न वाढले.

चौथं सत्र मी पूर्ण घाणेरड्या डेटावर खर्च करतो. ग्राहकाच्या नावापुढे एक मोकळी जागा पडली की एकाचे दोन ग्राहक होतात. रिकामा कोश आणि शून्य वेगळे असतात: एक्सेलची सरासरी रिकामे कोश वगळते, शून्य मात्र मोजते. म्हणजे भरणाऱ्याने आळसाने शून्य टाकलं की सरासरी खाली येते. आणि वित्तवाले असतील तर त्यांना २.५ पूर्णांकात आणून दाखवा. एक्सेलचं राउंड ३ देतं, पायथनचं (आवृत्ती ३) राउंड २ देतं, कारण अगदी मध्यावरचा आकडा ते जवळच्या सम संख्येकडे नेतं. दोन्ही नियम विचार करून ठरवलेले आहेत. दोन विभागांचे अहवाल थोडक्याने जुळत नाहीत म्हणून ज्यांनी कधी आठवडा घालवलाय, ते हे बघून वहीत लिहून घेतात.

बाहेरची उदाहरणं एका सत्राला एकच द्या, पण नीट उलगडून. २०२० मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेकडून कोविडच्या १५,८४१ रुग्णांची नोंद वेळेत झाली नाही. माहिती जुन्या एक्सएलएस फाइलमधून जात होती आणि त्या स्वरूपात ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. उरलेल्या ओळी गळून गेल्या. त्यांच्या संपर्कातल्या लोकांना कळवायला त्यामुळे उशीर झाला. वर्गाला विचारा, ‘पाठवलेल्या ओळी किती, पोहोचलेल्या किती?’ हा साधा ताळा प्रोग्रॅममध्ये कुठे बसवता येईल? दुसरं उदाहरण राइनहार्ट आणि रोगॉफ या अर्थतज्ज्ञांचं. राष्ट्रीय कर्ज आणि वाढीचा दर यांवरचा त्यांचा २०१० चा निबंध धोरणाच्या चर्चेत फार वापरला गेला. २०१३ मध्ये थॉमस हर्न्डन या विद्यार्थ्याने आणि त्याच्या दोन प्राध्यापकांनी त्यांची फाइल तपासली. सरासरीचं सूत्र ४९ व्या ओळीपर्यंत जायला हवं होतं, ते ४४ व्या ओळीवर थांबलं होतं. पाच देश सुटले होते. मतभेदाचे मुद्दे आणखीही होते, सगळा फरक त्या पाच ओळींचा नव्हता, हेही सांगा. मला या गोष्टीत महत्त्वाचं वाटतं ते हे, की फाइल दुसऱ्याच्या हातात गेली तेव्हाच चूक दिसली.

परीक्षेचं म्हणाल तर मनुष्यबळ विभागाशी बोला. परीक्षेऐवजी प्रत्येकाने आपल्या विभागातला एक नियम पूर्ण लिहून आणायचा, सोबत तो मोडू शकतील अशी पाच उदाहरणं. माझ्याकडे त्यावरच प्रमाणपत्र देतो. ते कागद नंतर डेव्हलपरच्या हातात पडले की ते किती खूश होतात ते पाहाच.

पूर्णांक

थोडं वेगळं मत मांडतो. आज साध्या भाषेत विचारलं की एआय कोड लिहून देतं, मग व्यवस्थापकांना पायथन वाचायला तरी का लावायचं? त्यापेक्षा एसक्यूएल, म्हणजे साठवलेल्या माहितीला प्रश्न विचारायची भाषा, शिकवा. त्यांचे बहुतेक प्रश्न ‘कोणत्या ओळी, कशानुसार गट करून, किती’ अशाच घाटाचे असतात. ही भाषा मुळात त्यांच्यासाठीच होती. १९७४ मध्ये आयबीएममध्ये चेंबरलिन आणि बॉइस यांनी ती मांडली, तेव्हा प्रोग्रॅमर नसलेल्या माणसाला माहितीला थेट प्रश्न विचारता यावा, हाच हेतू होता. त्याआधी १९५९ मध्ये कोबोल या भाषेचं काम सुरू झालं, तेव्हाही व्यवसायातल्या लोकांना वाचता यावं म्हणून ती इंग्रजी वाक्यांसारखी ठेवली होती.

माझी खरी काळजी मात्र दुसरीच आहे. व्यवस्थापक थोडं शिकतात आणि मग टीमला म्हणतात, ‘हे तर दहा ओळींचं काम आहे, मी स्वतः केलंय.’ मी हे सोसलंय. एका वर्गानंतर आमच्याकडे प्रत्येक अंदाज निम्म्यावर आणायची सवय लागली आणि दोन चांगली माणसं सोडून गेली. म्हणून विचारतोय, अर्धं ज्ञान देण्यापेक्षा न दिलेलं बरं, असं तुम्हाला कधी वाटलं नाही का?

सावकाश

@पूर्णांक, वाटलं होतं. तुम्ही लिहिलंय तसं माझ्याही एका वर्गानंतर झालं, आणि त्या टीमच्या प्रमुखाने मला फोन करून सांगितलं तेव्हा मी निरुत्तर झालो.

त्यानंतर मी पाचवं सत्र बदललं. तिसऱ्या सत्रात चाललेला तोच दहा ओळींचा प्रोग्रॅम काढायचा आणि त्याला ‘पुढच्या महिन्याची’ फाइल द्यायची. रकान्याचं नाव किंचित बदललेलं, तारीख दिवस-महिना ऐवजी महिना-दिवस, रकमेत स्वल्पविराम आलेले, एक नवीन विभाग वाढलेला. प्रोग्रॅम कोसळतो तो भाग सोपा. तारखेच्या बाबतीत तो कोसळत नाही, ३ एप्रिलला मुकाट ४ मार्च समजतो. एक तास त्यांनी तो दुरुस्त करायचा. शेवटी त्या दहा ओळींच्या पन्नासएक होतात आणि तरी कोणी छातीठोकपणे ‘आता बरोबर आहे’ म्हणत नाही. तो अनुभव घेतलेल्या व्यवस्थापकाने नंतर ‘दहा ओळींचं काम’ म्हटल्याचं माझ्या कानावर आलेलं नाही.

त्याच सत्रात नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर व्यवहार कंपनीची हकिकत सांगतो. १ ऑगस्ट २०१२. शेअर व्यवहारांचं नवं सॉफ्टवेअर आठ सर्व्हरवर चढवायचं होतं, एक राहून गेला. त्यावरचा जुना, वापरातून गेलेला कोड जागा झाला आणि पाऊण तासात ४० कोटी डॉलरहून जास्त नुकसान झालं. कोड लिहिण्याइतकंच तो सगळीकडे पोहोचला का हे तपासणंही काम असतं, आणि अंदाजपत्रकात तेही धरावं लागतं.

एसक्यूएलबद्दल सहमत आहे. ज्या वर्गात अहवाल मागणारे जास्त असतात तिथे मी तीच घेतो. एआयने लिहिलेला कोडसुद्धा कोणीतरी तपासायचा असतोच, आणि ‘पर्यंत’ म्हणजे आत की बाहेर हे त्याला आपणच सांगायचं असतं. नाही सांगितलं तर तोही स्वतःच्या समजुतीने भरतो, तेवढं माणसासारखं झालंय.

अर्धविराम (धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन सत्रं झाली, म्हणून लिहिते.

बिलांचा खेळ केला. लॅपटॉप बंद. पहिली वीस मिनिटं खोलीत फक्त पेनांचा आवाज होता. अदलाबदल झाली आणि गोदामवाल्यांपैकी एकांनी तिसऱ्याच बिलावर हात वर केला: ‘यांच्या कागदाप्रमाणे हे बिल कोणीच मंजूर करू शकत नाही.’ तो कागद वित्तप्रमुखांचा होता. त्यांनी तो परत घेतला, वाचला आणि म्हणाले, ‘बरोबर आहे, हा प्रकार आमच्याकडे दर महिन्याला येतो आणि दर महिन्याला कोणीतरी मला फोन करतं.’ तो फोन म्हणजेच नियमातलं भोक, हे मी सांगायच्या आधी मनुष्यबळाच्या प्रमुख बोलल्या. त्यानंतर परीक्षेचा विषय त्यांनी स्वतःच मागे घेतला.

‘पर्यंत’वर इतकी चर्चा झाली की मला ती थांबवावी लागली. सवलतीचे टप्पे फळ्यावर आले तेव्हा खरेदीप्रमुख उठून पुढे आले, खडू घेतला आणि शेवटचा आकडा का सोडायचा हे त्यांनीच विक्रीप्रमुखांना समजावलं. मी बाजूला उभी होते. अकरा वर्षं मी रेंज वापरते आहे. टप्पे चिकटून बसतात या अंगाने मीही त्याचा कधी विचार केला नव्हता.

ताळेबंद, तुमची व्हीलुकअपची हकिकत तुमचं नाव न घेता सांगितली. त्या रात्री विक्रीप्रमुखांचा मेल आला, त्यांच्या दरपत्रकाच्या फाइलसह. चौथा भाग त्यांच्याकडेही नव्हता. यादी सुदैवाने क्रमाने लावलेली होती, त्यामुळे आकडे बरोबर होते. त्यांनी विचारलंय की पुढच्या सत्रात ती फाइल सगळ्यांसमोर उघडली तर चालेल का.

पूर्णांक, तुमची काळजी मी आमच्या टीमला वाचून दाखवली. दोघांनी मान हलवली. म्हणून पाचव्या सत्रात ‘पुढच्या महिन्याची’ फाइल माझी टीमच बनवणार आहे, आणि त्यांच्यातले दोघं त्या दिवशी वर्गात बसणार आहेत.

आणि रकान्याची गोष्ट. सहाव्या सत्राची वाट न बघता कायदा विभागाच्या प्रमुखांनी काल जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडून कोरा कागद घेतला. ‘करार संपण्याची तारीख’ हा त्यांनी मागितलेला रकाना. कुठे कुठे हात लावावा लागला असेल ते त्या स्वतः आठवून लिहीत गेल्या: माहिती भरायचा फॉर्म, साठवायचा तक्ता, कोणाला दिसावा आणि कोणाला दिसू नये, शोध, मासिक अहवाल, वित्त विभागाला जाणारी फाइल, जिथे रकान्यांचा क्रम ठरलेला आहे. सहाव्यावर थांबल्या. मग मी विचारलं, आधीच्या चार हजार करारांसाठी ही तारीख काय असेल? त्यांनी पेन खाली ठेवलं. काही करार कायमचे आहेत, म्हणाल्या, त्यांना तारीखच नसते. आणि काहींना आहे, पण ती कागदावर आहे, आमच्या कपाटात. थोड्या वेळाने त्यांनी कागदावर सातवा मुद्दा लिहिला आणि त्यापुढे स्वतःच्याच विभागाचं नाव.